घडीव वेज स्वतः बनवतोय, पण सोलचं गणित कुठेतरी गंडलंय (लांबलचक आहे, आधीच माफी)

ऐरणीवरचा

मंडळी नमस्कार. बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

धंद्याने मी डाय डिझाइन करतो, म्हणजे फोर्जिंगचे साचे. गॉल्फ उशिरा लागलं आणि असं लागलं की सुटेना. मग एका मित्राच्या फोर्जिंग शॉपमध्ये प्रेस मोकळी असते तेव्हा आपलं स्वतःचं वेज (जवळचे उंच शॉट मारायचा क्लब) बनवायचं असं दोघांच्या डोक्यात आलं, त्याला आता दीड वर्ष झालं. एकच लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, तिरपा कोन) धरलंय, ५८ अंश. पोलाद एस२५सी, म्हणजे पाव टक्क्याच्या आसपास कार्बन. सळई गरम करून मान वाकवायची, मग हेड ठोकायचं, होझलसकट (शाफ्ट म्हणजे दांडा बसतो ती नळी) एकाच तुकड्यात. बाराशे डिग्रीच्या आसपास ठोकलं की थंड होताना हेड दीड टक्क्याने आक्रसतं, तेवढा साचा मोठा कापावा लागतो, हे सगळं रोजचंच काम त्यामुळे तिथे काही अडलं नाही. फ्लॅश (साच्याबाहेर आलेलं जादा पोलाद) कापली, शॉट ब्लास्ट केलं, फेस मिल केला, ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) कापले, आणि सोल म्हणजे हेडचा तळ मात्र बेल्ट ग्राइंडरवर हाताने. इथेच घोळ आहे असं वाटतंय.

आतापर्यंत तीन हेड पूर्ण झालीत. बाउन्स (सोलचा जमिनीशी कोन) सगळ्यांचा ८ अंश. लीडिंग एज (पुढची खालची कड) पातळ आणि सरळ ठेवली कारण मला तसंच दिसायला आवडतं, महागडं वेज पायाशी ठेवलं की जसं पात्यासारखं दिसतं ना, तसं. इनडोअरला लाँच मॉनिटरवर मारून बघितलं तर आकडे अगदी बघत राहावे असे, स्पिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास, लाँच (चेंडू निघायचा कोन) खाली, तीनही हेडमध्ये फरक जवळपास नाही. आम्ही दोघं खूश.

मग गवतावर गेलो आणि सगळं मुसळ केरात. माझे दहातले चार शॉट जमिनीत रुतले, मित्राचे त्याहून जास्त. एका शॉटला डिव्हॉट (गवताचा उपटलेला तुकडा) एवढा खोल निघाला की हाताला झिणझिण्या आल्या आणि चेंडू कसाबसा पाच पावलं गेला. आमच्यात बरा खेळणारा एक जण आहे, सात हँडिकॅपचा, तो म्हणाला "फील मखमली आहे, पण हे वेज आहे की कुदळ?" तेव्हापासून झोप नाही.

प्रश्न दोन. एक, इनडोअरच्या मॅटवर एवढं छान आणि गवतावर असं का? दोन, चाचणी नेमकी करायची कशी, म्हणजे आपला स्विंग वाईट की हेड वाईट हे वेगळं कसं काढायचं?

बंकरवासी

पहिल्याचं उत्तर सोपं आहे भाऊ, मॅट खोटं बोलते. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन बोटं आधी टेकला तरी खाली काँक्रीट असतं, क्लब घसरून पुढे येतो आणि चेंडूला लागतोच. तोच शॉट गवतावर मारला की पातं आत. मॅटवर कुठलंही वेज वाईट नसतं. मी स्वतः एक वेज इनडोअरला पसंत करून घेतलं होतं आणि सहा महिन्यांत काढून टाकलं.

दुसऱ्याचं उत्तर मोठी माणसं देतील. वाचतोय.

विसाव्या_होलवर

वेज की कुदळ, हे माझ्या प्रत्येक क्लबला लागू आहे. खुर्ची टाकून बसलोय.

कानस_कागद

पंचवीस वर्षं क्लब दुरुस्ती आणि ग्राइंडिंग करतोय, त्यामुळे सोलवर बोललं की मी थांबत नाही, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाला उडी मारा.

८ अंश हा नुसता आकडा आहे आणि वेजवर छापलेला सगळ्यात फसवा आकडा आहे. बाउन्स म्हणजे काय, तर शाफ्ट सरळ उभी धरली असताना लीडिंग एजपासून सोलच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंत जी रेघ जाते तिचा जमिनीशी कोन. पण शाफ्ट सरळ धरून मारतो कोण? हात चेंडूच्या पुढे गेले, शाफ्ट सहा अंश पुढे झुकली, की तुमच्या ८ चे २ उरले. तुम्ही आणि मित्र दोघं हात पुढे दाबून मारत असाल तर तुमच्या हातात बाउन्स नसलेलं वेज आहे. मग ते रुतणार नाही तर काय करणार?

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. दोन हेड आणा, दोन्हीवर १० अंश छापलंय. एकाची सोल रुंद आणि सपाट, दुसऱ्याची अरुंद आणि पुढून मागे गोल, म्हणजे कॅम्बर जास्त. दोन्ही वागायला इतकी वेगळी की कुणी सांगितलं नाही तर आकडा एक आहे यावर विश्वास बसणार नाही. सपाट सोल सगळी एकदम टेकते, गोल सोल आधी थोडी टेकते आणि मग जेवढी आत जाईल तेवढा आधार वाढत जातो. तुमची लीडिंग एज पातळ आहे म्हणताय, म्हणजे मला खात्री आहे की पहिले तीन-चार मिमी जवळजवळ सपाट उतार असणार आणि बाउन्स मागे सुरू होत असणार. जमिनीला पहिल्यांदा भेटतो तो तो पातळ भाग. आठ अंश मागे आहेत, ते यायच्या आत पातं घुसलेलं असतं.

एक करून बघा. तुम्ही डायवाले आहात म्हणजे ब्लू (निळा रंग) मारून स्पॉटिंग करायची, म्हणजे कुठे घासतंय ते बघायची सवय असेलच. सोलला ब्लू मारा, सुकू द्या, आखूड कापलेल्या कडक गवतावरून पाच शॉट मारा आणि कुठून पुसलं गेलं त्याचा फोटो इथे टाका.

ऐरणीवरचा

कानस_कागद, दंडवत. ब्लू मारायचं कसं काय सुचलं नाही, रोज करतो ते काम.

केलं. फोटो चढत नाहीये म्हणून लिहून सांगतो. माझ्या हेडवर पुढच्या कडेला एक अरुंद पट्टा एकदम चकचकीत झालाय, टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) जास्त, आणि मागचे दोन तृतीयांश ब्लू जसंच्या तसं. म्हणजे जी सोल मी दोन दोन तास घासून गुळगुळीत केली तिला मातीने शिवलंच नाही. मित्राच्या पाच शॉटनंतर तर नुसती कडच पुसलेली. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला तर इम्पॅक्टला माझी शाफ्ट पुढे झुकलेली स्पष्ट दिसते, सात-आठ अंश असावी. तुमचं गणित शब्दशः बरोबर निघालं, बाउन्स शून्य.

टाचेकडे जास्त का घासतंय पण?

कानस_कागद

दोन कारणं असू शकतात. एक तर लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी कोन) तुम्हाला उभा पडतोय. किंवा शेवटच्या शॉटला तुम्ही फेस उघडला होता. ५८ चा फेस उघडला की क्लब मागे झोपतो, बाउन्स वाढतो, लीडिंग एज जमिनीपासून उचलली जाते आणि टाच खाली टेकते. म्हणूनच लोक टाचेचं आणि मागच्या कडेचं मटेरियल काढतात. सी आकाराचे ग्राइंड बघितले असतील, टाच, मागची कड आणि टो (टाचेसमोरचं टोक) तीनही बाजूंनी खाल्लेले, ते काही शोभेला नाहीत. फेस उघडून झोपवला तरी लीडिंग एज जमिनीलगत राहावी म्हणून ते.

पण तुम्ही आत्ता टाचेला हात लावू नका. आधी पुढची कड. ती थोडी बोथट करा, गोलाई द्या, कानसने दोन-तीन घास आणि मग बेल्ट. दिसायला जरा जाड दिसेल, मन घट्ट करा.

ओतीव_बरा

हे सगळं सोलबद्दल चाललंय ते ठीक, पण मुळात घडीवचा अट्टहास कशाला हे कुणी विचारतच नाहीये. टूरवर (व्यावसायिक स्पर्धांत) सगळ्यात जास्त दिसणारी वेज ८६२० पोलादाची ओतीव आहेत. जगातले उत्तमोत्तम खेळाडू ओतीव वेजने बंकरमधून पिनजवळ टाकतात आणि आपण मात्र घडीवच पाहिजे, मखमली फील पाहिजे. प्रीमियम फोर्ज्ड या दोन शब्दांचे पैसे असतात राव. चेंडूला काय कळतं साचा कुठला होता?

बंकरवासी

आले! मी म्हणतच होतो अजून कसे आले नाहीत.

हिमधार

ओतीव_बरा यांना अर्धं अनुमोदन. पण अर्धंच. घडीव कार्बन स्टीलचं होझल वाकवता येतं, लॉफ्ट-लाय दोन-तीन अंश इकडेतिकडे बिनधास्त. कडक १७-४ स्टेनलेसच्या ओतीव हेडला वाकवायला गेलं की वाकवणाराच घामाघूम होतो. ८६२० त्या मानाने मऊ, त्यामुळे तिथे ही तक्रार नाही हेही खरं.

वाकवताना एक लक्षात ठेवा, लॉफ्ट एक अंश वाढवला की बाउन्सही एक अंश वाढतो, आणि कमी केला की कमी. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, ५८ चं ५६ करून घेतात आणि मग म्हणतात पूर्वीसारखं बंकरमधून निघत नाही. निघेल कसं, दोन अंश बाउन्स तिथेच ठेवून आलात.

ऐरणीवरचा

वाकवण्यावरून आठवलं, आमचं एक हेड असंच गेलं. लाय जुळेना म्हणून एकाच होझलला आधी इकडे, मग तिकडे, मग परत इकडे. तिसऱ्या वेळी मुळाशी बारीक केसासारखी चीर. मऊ पोलाद असलं तरी पुन्हापुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि मग तडकतं, हे मी इतरांना शिकवत असतो. स्वतःच्या हेडवर विसरलो. ते हेड आता पेपरवेट आहे.

मृदुला_धातू

मी मटेरियलवाली आहे, गॉल्फ नवरा खेळतो, मी फक्त भांडणापुरती येते.

फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, आत पोकळ्या राहत नाहीत, रचना दाट होते, हे खरं. क्रँकशाफ्टला, कनेक्टिंग रॉडला त्याचा जीव की प्राण इतका उपयोग होतो कारण तिथे लाखो वेळा उलटसुलट ताण येतो. वेजला तसा ताण येतच नाही. चांगलं ओतलेलं हेड काही तुटत नाही. तेव्हा ताकदीच्या नावावर कुणी घडीव विकत असेल तर ते सोडून द्या.

फीलबद्दल. चेंडू आणि फेस यांचा संपर्क साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. हातातली जाणीव मेंदूपर्यंत पोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला "लागला" असं जाणवतं तेव्हा चेंडू कधीच निघून गेलेला असतो, तुम्हाला कळतं ते मागे राहिलेलं कंपन, आणि त्याहून जास्त आवाज. आवाज ठरतो हेडच्या आकारावर, फेसमागे जाडी किती त्यावर. १०२० काय, एस२५सी काय, ८६२० काय, तिन्हींची घनता आणि ताठरपणा जवळपास सारखाच, त्यामुळे नुसत्या ग्रेडने आवाज बदलणार नाही. चेंडू बदलला तर त्याहून मोठा फरक पडतो.

मग घडीव का करायचं? मला विचाराल तर एकसारखेपणासाठी आणि घासायला छान लागतं म्हणून. ऐरणीवरचा यांच्याकडे प्रेस आहे हे सगळ्यात खरं कारण, आणि ते पुरेसं आहे!

एक सूचना. एवढ्या तापमानाला पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो, वर मऊ साल तयार होते. तुमच्या पोलादात कार्बन मुळात कमी, तरीही फेसवर मशिनिंगला पुरेसं मटेरियल ठेवा आणि ती साल पूर्ण काढा. ग्रूव्ह सालीत कापलेत तर कडा लवकर झिजतील.

ओतीव_बरा

मृदुलाताई, हेच तर म्हणतोय मी.

मृदुला_धातू

नाही, तुम्ही "दोन शब्दांचे पैसे" म्हणत होतात. मी "हौस आहे, करू द्या" म्हणतेय.

नियमावर_बोट

सोल सोडून जरा फेसकडे या. ऐरणीवरचा, ग्रूव्ह कुठल्या मापाने कापलेत? स्पर्धेत वापरायचं असेल तर आत्ताच बघा, नंतर रडण्यात अर्थ नाही.

यूएसजीए आणि आरअँडए या गॉल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्थांचे नियम एकच आहेत. रुंदी जास्तीत जास्त ०.०३५ इंच, म्हणजे ०.८८९ मिमी, तीसुद्धा ३० अंशांच्या पद्धतीने मोजलेली, म्हणजे फेसशी ३० अंश करणारी रेघ कडेला जिथे टेकते तिथून. खोली ०.०२० इंचापेक्षा जास्त नको, ०.५०८ मिमी. दोन ग्रूव्हमधलं अंतर रुंदीच्या तिप्पट तरी हवं आणि ०.०७५ इंचापेक्षा कमी नको. २०१० पासून यात दोन गोष्टी वाढल्या. एक, ग्रूव्हचं क्षेत्रफळ भागिले (रुंदी अधिक अंतर), हे उत्तर ०.००३० इंचाच्या वर जाता कामा नये. दोन, २५ अंश आणि त्यापुढच्या लॉफ्टला कडेची गोलाई कमीत कमी ०.०१० इंच. म्हणजे नखाला कापेल अशी धार चालत नाही.

आणि मिलिंगच्या रेघा. फेसचा खडबडीतपणा १८० मायक्रोइंचापर्यंतच. फ्लाय कटरची फीड वाढवून खरखरीत फेस करायचा मोह सगळ्यांना होतो.

ऐरणीवरचा

आत्ताच ऑफिसच्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर एक हेड लावून बघितलं. रुंदी, खोली ठीक. अंतर ठीक. कड मात्र चाकू आहे, गोलाई ०.१ मिमीसुद्धा नाही, पाहिजे ०.२५४. म्हणजे माझे ते मॉनिटरवरचे सुंदर आकडे बेकायदेशीर वेजचे होते. छान.

नियमावर_बोट

आकडे धारेमुळे होते असं मात्र समजू नका. कोरडा स्वच्छ चेंडू, कोरडा फेस असेल तर ग्रूव्हचा वाटा फारच थोडा असतो, तिथे चेंडूचं कव्हर, फेसचा खडबडीतपणा आणि क्लब कुठल्या कोनात येतोय तेच काम करतं. ग्रूव्हचं काम सुरू होतं ते गवत आणि पाणी मध्ये आलं की. गाडीच्या टायरला नक्षी असते तसंच, कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही पकड धरतो.

त्यामुळे प्लॅटिंग करणार असाल तर निकेल-क्रोम चढल्यावर परत मोजा, कडेवर थर जास्त चढतो. आणि एक नमुना संस्थेकडे तपासायला पाठवा, त्यांचं उत्तर आल्याशिवाय "नियमात बसतं" असं छापू नका.

विसाव्या_होलवर

अवांतर: या ग्रूव्हवरून २०१० मध्ये काय धमाल झाली होती. नवा नियम आला आणि फिल मिकेलसनने जुनी पिंग आय २ वेज बाहेर काढली, १९९० आधी बनलेली, कोर्टाच्या तडजोडीमुळे त्या वेजना सूट होती. नियमात बसत होती! एका सहकारी खेळाडूने त्याला चक्क फसवणूक म्हटलं आणि मग पुढे कित्येक दिवस माफी, खुलासे वगैरे.

बंकरवासी

अवांतर अजून थोडं. सोलवर एवढी चर्चा चाललीय आणि जीन सॅराझेनचं नाव नाही? त्या आधी बंकरसाठी खोलगट फेसची वेज निघाली होती, बॉबी जोन्सने १९३० च्या ब्रिटिश ओपनमध्ये होयलेकच्या मैदानावर वापरली, १९३१ मध्ये तिच्यावर बंदी आली. मग सॅराझेनने फेसला हात न लावता निब्लिक या जुन्या क्लबच्या सोलला सोल्डर थापून मागची बाजू जाड आणि खाली आणली, जेणेकरून वाळूत पातं घुसायच्या ऐवजी घसरेल. १९३२ ची ओपन प्रिन्सेसच्या मैदानावर जिंकला. स्पर्धेआधी कुणाला दिसू नये म्हणून बॅगेत उलटी ठेवायचा म्हणे. म्हणजे ऐरणीवरचा, तुमचा प्रॉब्लेम नव्वद वर्षांपूर्वी सुटलेला आहे, तुम्ही फक्त उलट दिशेने गेलात, त्याने सोल जाड केली, तुम्ही पातळ!

ऐरणीवरचा

बंकरवासी, लागलं हो.

चौदावा_क्लब

एक मध्येच विचारतो, बिनप्लॅटिंगची गंजणारी वेज घेतली तर गंजामुळे स्पिन वाढतो का? दुकानदार तसं म्हणाला.

कानस_कागद

नाही. उन्हात चमकत नाही, आणि ग्रूव्हच्या कडेवर थर नसतो, एवढंच. बाकी आवडीचा प्रश्न. खेळून झाल्यावर कोरडी पुसा आणि तेलाचा हात फिरवा.

ऐरणीवरचा

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय. बरंच झालंय.

सोल: चार हेड घेतली, त्यातली तीन नवी. ए म्हणजे जुनीच, तुलनेला ठेवली. बी मध्ये फक्त पुढची कड गोल केली, बाकी काही नाही. सी मध्ये बाउन्स १२ आणि सोल रुंद. डी मध्ये बाउन्स १०, कॅम्बर जास्त, टाच आणि मागची कड काढलेली. सगळ्यांना एकच शाफ्ट, एकच लांबी, एकच ग्रिप. मागच्या बाजूंना काळा स्प्रे मारला म्हणजे कोणतं कुठलं ते मारणाऱ्याला कळू नये, अक्षर होझलच्या मागे.

वजनाचा घोळ आधी सांगतो कारण तो कुणीच बोलला नव्हता. हेडचं टार्गेट ३०० ग्रॅम धरलं होतं. डी ला टाच आणि मागची कड काढताना सहा ग्रॅम गेले. पोलादाचा एक घन सेंटिमीटर म्हणजे जवळपास आठ ग्रॅम, त्यामुळे बघता बघता जातात. दोन ग्रॅमला एक स्विंगवेट (क्लब हातात किती जड लागतो त्याचं माप) धरा, म्हणजे त्या मापात डी५ चं डी२ झालं आणि हातात घेतल्या घेतल्या हलकं लागायला लागलं. तसंच टेस्टला दिलं असतं तर लोकांनी सोलबद्दल जे सांगितलं ते खरं तर वजनाबद्दल असतं. मग मागे शिशाची टेप लावून चारही सारखी केली. पुढच्या लॉटला फोर्जिंगच जाड ठेवणार, घासायला जाणारं वजन आधीच धरून.

चाचणी: सात जण, तीन प्रकारच्या जागा, कडक आखूड गवत, रफ (लांब गवत) आणि वाळू. क्रम प्रत्येकाचा वेगळा, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक शॉटनंतर फेस ओल्या फडक्याने पुसून कोरडा. चेंडू एकाच बनावटीचे, युरेथेन कव्हरचे, नवे. चेंडू कुठे लागला हे कळायला फेसवर पायाला मारायचा पावडरचा स्प्रे, पण आकडे घेताना तो पुसून, नाहीतर स्पिन बिघडतो. प्रत्येकाला आधी विचारलं नाही की कसं वाटलं, आधी ब्लू कुठे पुसलं ते लिहून घेतलं आणि मगच विचारलं. हे फार कामाचं निघालं कारण माणसं सांगतात एक आणि सोल सांगते दुसरंच. एक जण छातीठोकपणे म्हणाला मी क्लब घासत नेतो, कधी खणत नाही. त्याच्या ब्लूमध्ये फक्त पुढची कड गेली होती.

निकाल. बी ने मला थक्क केलं. आकड्यात बाउन्स तोच ८, पण कडक गवतावर रुतणारे शॉट निम्म्याहून कमी. फक्त कड गोल करून! सी वाळूत सगळ्यांची लाडकी, पण कडक जमिनीवर फेस उघडून मारायला गेलं की लीडिंग एज वर राहते, चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे. तिथे तिघांनी ती परत हातात घ्यायलाच नकार दिला. डी सगळीकडे दुसरी आली आणि कुठेच शेवटची नाही. सात हँडिकॅपवाल्याने मात्र ए च निवडली! त्याचा शॉट इतका उथळ येतो की ब्लू मधोमध पुसलेलं, त्याला पातळ कड पाहिजेच होती. म्हणजे मी दीड वर्ष त्याच्यासाठी वेज बनवत होतो आणि त्यालाच ती कुदळ वाटली होती, कारण तेव्हा तो पहिल्यांदाच ओल्या मैदानावर मारत होता, हे त्याने आता सांगितलं.

कानस_कागद

पाहिलंत? जागा बदलली की वेज बदलतं. ओल्या मऊ जमिनीवर बाउन्स जास्त, कडक जमिनीवर कमी, हे सगळे सांगतात, पण उथळ मारणारा आणि खणणारा हा फरक त्याहून मोठा. माझ्याकडे कुणी नवं वेज घासून घ्यायला आलं की मी आधी त्याचं जुनं, झिजलेलं वेज मागतो. झीज कुठे आहे ते बघितलं की बोलायचं काही उरत नाही.

ऐरणीवरचा

ओल्या फेसची चाचणीपण केली. स्प्रे बाटलीने चेंडू आणि फेस दोन्ही ओले. कोरड्यात दहा हजाराच्या आसपास असलेला स्पिन पाच-सहा हजारावर आला आणि चेंडू वर उडायला लागला. नवीन हेडना कड नियमाप्रमाणे गोल केली आहे, तरी कोरड्यात ए आणि बाकीच्यांत फरक म्हणावा असा दिसला नाही, नियमावर_बोट यांचं बरोबर. ओल्यात ए थोडी पुढे राहिली.

आणि फील. ओतीव_बरा, तुमच्यासाठी खास. एक ८६२० ची ओतीव वेज त्याच लॉफ्टची, तीच शाफ्ट, तिलाही काळा स्प्रे. आधी कान उघडे, मग कानात बोळे आणि वर हेडफोन. कान उघडे असताना सात जणांपैकी पाच जणांनी एकच हेड मऊ म्हणून दाखवलं. कान बंद केल्यावर नुसता गोंधळ, एकाच हेडला एकदा मऊ एकदा कडक. आणि उघड्या कानांनी ज्याला मऊ म्हटलं ते...

ओतीव_बरा

ओतीव?

ऐरणीवरचा

हो. सात जणांवरून सिद्धांत मांडत नाहीये, पण हो. तिच्या फेसमागे मटेरियल जाड आहे, आवाज खाली येतो.

ओतीव_बरा

मी काही बोलत नाही. फक्त हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो.

मृदुला_धातू

लावा. पण मग ऐरणीवरचा, तुम्हीही मागे जाड करा की. फोर्जिंगला काय अडचण आहे?

हिमधार

जाड करताना वरच्या बाजूला करा. टॉपलाइनकडे वजन गेलं की गुरुत्वमध्य वर जातो, चेंडू फेसवर त्याच्या खाली लागतो, हेड किंचित पुढे कलतं, त्यामुळे लाँच खाली आणि स्पिन जास्त. म्हणूनच आताच्या बऱ्याच लॉब वेज (जास्त लॉफ्टच्या) वरून जाड दिसतात. फेसच्या वरच्या भागात लागलेला शॉट तरंगत जाऊन आखूड पडतो तो याच्याच उलट कारणाने. तुमच्या पावडरच्या फोटोत चेंडू कुठे लागत होता?

ऐरणीवरचा

रफमध्ये वर, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रूव्हच्या वरच्या भागात बऱ्याच जणांचा. गवतात चेंडू उचललेला असतो आणि क्लब खालून जातो. तेव्हा जाडी वरच, ठरलं. शिवाय सोलचं वजन कमी होतंय ते वर टाकायला जागाही मिळते. डायमध्ये मागची पोकळी बदलावी लागेल, दोन आठवड्यांचं काम.

सोलचं असं ठरवलंय की डी चा आकार थेट साच्यात घ्यायचा, आणि पुढची कड मुद्दाम एक मिमी जादा ठेवायची, म्हणजे खणणाऱ्याला कमी घासून द्यायची आणि उथळवाल्याला जास्त. आधी ब्लू, मग ग्राइंडर.

चौदावा_क्लब

मस्त धागा. एक हेड माझ्यासाठी पण ठोका. डावखुरा आहे मी.

ऐरणीवरचा

अरे देवा. ओतीववाल्यांनाही वेगळा साचा लागतोच, पण मेणाचा साचा आणि फोर्जिंगची डाय यात फार फरक आहे भाऊ, आरशातली सगळी डाय परत कापावी लागेल, फ्लॅश कापायची ट्रिमिंग डाय वेगळी, मान वाकवायचं फिक्श्चर वेगळं. किती जण आहात डावखुरे इथे? हात वर करा, पाच झाले तर मित्राशी बोलतो.

चौदावा_क्लब

१.

विसाव्या_होलवर

२. मी उजवाच आहे पण उजव्या हाताने जमत नाहीये, तिकडून बघतो.